कामगारांना पर्यावरणपूरक कामाचं प्रशिक्षण द्यायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं? (सोलापूर)

ताणाबाणा
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी उत्पादन बघतो. बावन्न माणसं, दोन पाळ्या मिळून सोळा तास काम, माग, स्वतःचं डाईंग, एक लाकडावरचा बॉयलर आणि वीस एचपीचा कॉम्प्रेसर. परदेशी गिऱ्हाइकाने यंदाच्या ऑर्डरबरोबर नवी अट घातली आहे: कामगारांना पर्यावरणाचं प्रशिक्षण दिल्याची नोंद दाखवा.

मालकांनी बाहेरून सल्लागार बोलावला. माणूस हुशार होता, शंका नाही. पण दोन तास इंग्रजी स्लाइड. कार्बन फूटप्रिंट, हिमनग, ध्रुवीय अस्वल. बाहेर ४२ डिग्री, वरती पत्रा, पंखा गरम हवा फेकतोय आणि समोर बर्फ. सगळे शांत बसून होते. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर आमचे जॉबर मामा, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखरेख बघणारे, उठले. बावीस वर्षं मागावर आहेत. म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं ते पटलं. पण उद्या सकाळी पाळीला आल्यावर मी काय वेगळं करू?"

त्याचं उत्तर त्या पाहुण्यांकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. हजेरीच्या सह्या झाल्या, फाइल तयार झाली, गिऱ्हाईक खूश होईल. पण मला हे खरोखर करायचंय. आपल्याकडे पाणी नाही, वीज महाग, डाईंगचं सांडपाणी हा कायमचा घोर. मामांना "उद्या सकाळी हे करा" असं सांगता येईल असं काय आहे? तुमच्या कामाच्या ठिकाणी कुणी असं काही शिकवलंय का, आणि ते टिकलं का?

कडकभाकरी
सह्या झाल्यावरही झोप न लागलेला पहिला सुपरवायझर बघतोय. लिहीत राहा.

पूर्वभाग
भाषेपासून सुरुवात करा. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे. वडिलांना मराठी बोलता येतं, पण कामाचं शिकणं, चूक सांगणं, भांडणं सगळं तेलुगूत. साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, निम्म्या माणसांची हीच गत. इंग्रजी स्लाइड सोडा, छापील मराठीही त्यांना परकी वाटते.

एक गंमत सांगतो. एका कारखान्यात हिंदी बोलणारे ट्रेनर आले होते. कोपऱ्यातून एक आजोबा सारखे म्हणत होते, "गालि पोतोंदि, गालि पोतोंदि." ट्रेनरना वाटलं, म्हातारा शिव्यांबद्दल काहीतरी तक्रार करतोय. तेलुगूत गालि म्हणजे हवा. पाइपातून हवा जातेय, असं आजोबा सांगत होते! ज्या गळतीबद्दल पुढच्या तासाला स्लाइड होती, ती त्यांनी कानाने आधीच पकडली होती.

म्हणून म्हणतो, शिकवायला बाहेरचा माणूस कशाला? तुमच्या जॉबर मामांनाच उभं करा. विषय तुम्ही त्यांना आधी नीट समजावून द्या, बोलू दे त्यांना त्यांच्या भाषेत.

पिवळीपिशवी
मी एका रुग्णालयात सिस्टर आहे. आमच्याकडे हे प्रशिक्षण कायद्यानेच आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार प्रत्येकाला कामावर रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा शिकवावं लागतं.

आमच्या मावशींपैकी दोघींना अक्षरओळख नाही. तरी त्या चुकत नाहीत. कारण सगळं रंगावर आहे. रक्ताचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात. सलाईनची नळी, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. भिंतीवर चित्र, डब्यावर रंग, आणि डबा जिथे कचरा होतो तिथेच, हाताच्या अंतरावर. डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर कितीही शिकवा, सुई पिशवीतच जाणार.

आणि एक. "पृथ्वी वाचवा" म्हणून मावशी ऐकत नाहीत. "पिशवीतली सुई तुझ्या बोटात जाईल" म्हटलं की ऐकतात, कारण एकीच्या बोटात गेली होती. पुढचे कितीतरी महिने रक्ताच्या तपासण्या आणि जिवाला घोर. ती मावशीच आता नव्या मुलींना शिकवते. तिच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही.

बिलभरणारा
सगळ्यांचं वाचतोय. मी छोटा कारखानदार आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

माणूस शिकवायचा, आणि चार महिन्यांत तो दोन रुपये जास्त मिळतात म्हणून चिंचोळी एमआयडीसीत जाणार. सुताचा भाव आज एक, उद्या एक. टॉवेलला गिऱ्हाईक पैसा वाढवून देत नाही, अटी मात्र दर वर्षी वाढतात. प्रशिक्षणाचा दिवस म्हणजे माग बंद. तो दिवस कुणाच्या खिशातून? पर्यावरण मलाही हवंय, माझीही पोरं याच गावात वाढतात. पण हे शिकून माझ्या बिलात काय फरक पडेल ते आकड्यात दाखवा, मी उद्या सुरू करतो.

फिटरमास्तर
@बिलभरणारा, आकड्यातच सांगतो. आयटीआयमध्ये तीस वर्षं शिकवलंय.

रविवारी, किंवा पाळी सुटल्यावर, हवा वापरणारी सगळी मशिनं बंद करा. फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवा. आता हवा कुणीच घेत नाही, म्हणजे टाकी एकदा भरली की कॉम्प्रेसरने गप्प बसायला हवं. तो बसत नाही. थोड्या वेळाने परत लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो. का? पाइपातून हवा गळतेय म्हणून. मोबाइलच्या घड्याळावर मोजा: लोडवर किती सेकंद, अनलोडवर, म्हणजे हवा न भरता, किती. समजा ५० सेकंद लोड आणि १५० सेकंद अनलोड. पन्नास भागिले दोनशे, म्हणजे तुमची २५ टक्के हवा नुसती गळते.

वीस एचपी म्हणजे १५ किलोवॅट. त्याचे २५ टक्के, सोळा तास: रोजचे ६० युनिट हवेत. ही चाचणी शिकायला अर्धा तास पुरतो, कुठली पदवी लागत नाही. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन फिरा. बुडबुडा दिसला की खडूने गोल करा. बहुतेक गळत्या क्लॅम्प, नळीचा जोड, क्विक कपलिंग अशा किरकोळ जागी निघतात.

@ताणाबाणा, "उद्या सकाळी काय करू" याचं एक उत्तर हे.

मोजूनमापून
फिटरमास्तर, पद्धत अगदी बरोबर, पण हिशोबात एक दुरुस्ती सुचवतो. मी ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करतो, बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा दिलेली आहे. लोड-अनलोडवर चालणारा कॉम्प्रेसर अनलोडवरही वीज खातोच, साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. त्यामुळे गळती पूर्ण थांबवली तरी ६० युनिट वाचणार नाहीत, ४० ते ४५ धरा. आणि गळती शून्यावर येतही नाही, दहा टक्क्यांच्या आत आली तरी उत्तम. हे आत्ताच सांगतोय, कारण मालकाला साठ सांगितले आणि तीस निघाले तर तो पुढचं काहीच ऐकणार नाही.

दुसरी सोपी गोष्ट म्हणजे दाब. बऱ्याच ठिकाणी गरज सहा बारची असते आणि सेटिंग आठवर. एक बार कमी केला की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्क्यांनी उतरते. पैसा खर्च नाही, फक्त कुणीतरी विचारायला हवं की आठ कशाला.

फिटरमास्तर
दुरुस्ती मान्य. वर्गात मी नेहमी ढोबळ आकडा सांगत आलो. यापुढे असं सांगीन.

रात्रपाळी
मी माग चालवतो. मालक आणि मास्तर बोलले, आता आमचंही ऐका.

आम्हाला पगार तासावर नाही, मालावर आहे. जेवढे टॉवेल उतरले तेवढे पैसे. सुताचं वेस्ट रंगाप्रमाणे वेगळं ठेवा, तेलाचं कापड वेगळ्या डब्यात टाका, गळती दिसली की लिहा, सगळं कळतंय ओ. आम्ही काय आडाणी नाही. पण त्यातली दहा मिनिटं गेली की माग दहा मिनिटं थांबला, आणि ते पैसे माझे गेले. मालकाचं बिल कमी झालं. त्यात माझं काय?

घरी विचारा. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. माझी बायको भांडी धुतलेलं पाणी संडासाला वापरते, तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला घालते. तिला पाणी वाचवायला कुणी शिकवावं लागलं नाही. आम्हाला शिकवायच्या आधी त्या दहा मिनिटांचा हिशोब करा.

कडकभाकरी
रात्रपाळी, +१. इथपर्यंतचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

केपीटीएल
रात्रपाळीभाऊंचं पटलं, आणि त्याला जोडून माझा अनुभव. मी एसटीत ड्रायव्हर होतो, पुढे नव्या पोरांना शिकवायचो. आमच्याकडे डिझेलचा हिशोब दहा लिटरला किती किलोमीटर असा. त्याला केपीटीएल म्हणतात, माझं नावही तेच. प्रत्येकाचा आकडा निघतो.

शिकवायचं काय? क्लचवर पाय ठेवून चालवू नका. टायरात हवा बरोबर ठेवा. पुढचा सिग्नल लाल दिसतोय तर आत्ताच पाय उचला, तिथे जाऊन ब्रेक कशाला. स्टँडवर उभी असताना इंजिन बंद करा. यात अवघड काही नाही. पण वर्गात सांगून एकाचाही आकडा हलला नाही. मी शेजारी बसायचो. सोलापूर-मोहोळ जाताना तो त्याच्या पद्धतीने चालवणार, मी गप्प. येताना मी सांगेन तसं. मग दोन्हींचं डिझेल त्याच्यासमोर मोजायचं. स्वतःच्या हाताचा फरक बघितला की त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही.

उजनीमायनस
थोडं अवांतर, पण पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. बाहेरगावच्या लोकांना आपलं "उजनी मायनसमध्ये गेली" हे वाक्य कळत नाही. धरणात पाणी दिसतं आणि तरी मायनस कसं? उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापरायचा जिवंत साठा ५३ च्या आसपास. तो संपला की आकडा शून्याखाली मोजतात. उन्हाळ्यात सोलापुरात पोरंसोरंही "आज किती मायनस?" असं विचारतात.

सांगायचा मुद्दा: प्रशिक्षणात ध्रुवीय अस्वल कशाला? उजनीचा आजचा आकडा फळ्यावर लिहा आणि त्याखाली डाईंगला काल किती पाणी लागलं ते लिहा. बघा लोक वाचतात की नाही.

रंगारी
डाईंगवाला आलो. उशीर झाला, लॉट (एका वेळी रंगवायचा माल) चालू होता.

पाणी वाचवा म्हटलं की सगळे नळ बंद करायला धावतात. डाईंगमध्ये खरं पाणी जातं ते पुन्हा रंगवण्यात. शेड, म्हणजे रंगाची छटा, चुकली की लॉट परत मशिनमध्ये. पुन्हा गरम पाणी, पुन्हा वाफ, पुन्हा मीठ आणि सोडा, पुन्हा धुणं. पहिल्याच वेळी शेड बरोबर आली तर याच्याइतकं पर्यावरणपूरक काम दुसरं नाही. मग शेड चुकते कशाने? रंगाच्या खोलीत वजन करणारा पोरगा डोळ्याच्या अंदाजाने चमचा टाकतो. काट्याचं तोंड पंख्याकडे असतं. मीठ एकदम ओततात. बोअरचं जड पाणी तसंच घेतात. त्या वजन करणाऱ्या पोराला चार दिवस नीट शिकवा. आमच्याकडे तोच सगळ्यात कमी पगाराचा असतो, आणि सगळ्या कारखान्याचं पाणी त्याच्या हातात असतं.

आणखी दोन गोष्टी. लॉट लावताना फिकट आधी, गडद नंतर. काळ्यानंतर पांढरट घेतलं की मशिन धुण्यातच किती पाणी जातं बघा. आणि शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते टाकीत धरून पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरता येतं. टाकी मालकाने द्यायची, व्हॉल्व्ह फिरवायचं शिक्षण आम्ही घेतो.

@रात्रपाळी, आमच्या वहिनी घरी जे करतात ते हेच. त्यांना जमतं कारण घरचा नळ त्यांच्या हातात आहे.

बॉयलरशेजारी
लाकडाच्या बॉयलरचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ओलं लाकूड टाकलं की आधी त्यातलं पाणी उकळायला उष्णता जाते, मग उरली तर वाफेला. लाकूड छपराखाली रचा, जुनं आधी जाळा. पांढरा कोळसा (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या) वापरत असाल तर त्याला पावसाचा थेंब लागू देऊ नका, भुसा होतो. वाफेचं थंड झालेलं पाणी गटारात न सोडता परत बॉयलरला द्या: फीडचं पाणी ६ डिग्री जास्त गरम गेलं की साधारण १ टक्का इंधन वाचतं. आणि चिमणीकडे बघायला शिकवा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय.

हिरवापट्टा
आमच्या ऑफिसात आम्ही एसी २४ वर ठेवायचं ठरवलं, प्लॅस्टिकचे कप बंद केले, दोन्ही बाजूंनी प्रिंट काढतो. कारखान्यातही अशा छोट्या सवयींपासून सुरुवात करावी असं वाटतं.

फिटरमास्तर
@हिरवापट्टा, तुमच्या ऑफिससाठी योग्यच. पण जिथे बॉयलर आणि कॉम्प्रेसर चालतो तिथे कपांपासून सुरुवात केली की सगळा उत्साह कपातच संपतो. मोठं भोक आधी बुजवावं.

हिरवापट्टा
तितकंसं पटत नाही. कप बंद केले तेव्हा ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी घरून पेला आणला. पुढच्या महिन्यात दिवे-पंख्यांचं त्यांनीच सुचवलं. सवय लागायला कुठून तरी सुरुवात लागते. पण कारखान्याचं तुम्हाला जास्त कळतं, हे मान्य.

मोजूनमापून
नोंदीसाठी: छोट्या उद्योगांना केंद्राच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राचा विचार करता येईल. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. २०२२ च्या योजनेत प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत ठेवली होती. गिऱ्हाइकाला कागद हवाच असेल तर प्रत्यक्ष कामातून निघालेला कागद द्या.

ताणाबाणा
मंडळी, तीन आठवड्यांनी आलो, पण रिकाम्या हाताने आलो नाही.

आधी मालकांशी बोललो. रात्रपाळीचा प्रतिसाद त्यांना मोबाइलवर वाचून दाखवला, शब्द न बदलता. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आठवड्यातला अर्धा तास हजेरीने देऊ, त्या वेळात मालाचा हिशोब नाही.

पहिल्या रविवारी कॉम्प्रेसरची चाचणी घेतली. शिकवलं मामांनी, तेलुगू-मराठी मिसळून. माग बंद असल्यावर कारखाना इतका शांत असतो हे मी इतक्या वर्षांत कधी अनुभवलं नव्हतं. मामांनी बोट वर केलं, सगळे गप्प झाले, आणि आवाज आला. एक नाही, चार-पाच ठिकाणांहून सूंऽऽ. पोरं हसायलाच लागली. लोड ५० सेकंद, अनलोड १५०. फिटरमास्तरांनी उदाहरणाला घेतलेला आकडाच आमचा निघाला! साबणाच्या पाण्याने एकोणीस जागा सापडल्या. पैकी एक नळी पाळी सुटताना कपड्यावरचं फ्लफ (सुताचे तंतू) उडवायला लोकांनी स्वतःच जोडली होती. ती काढली. अंगावर दाबाची हवा मारणं डोळ्याला आणि कानाला घातक आहे, ते तिथेच सांगितलं आणि बदल्यात ब्रश दिले.

क्लॅम्प आणि कपलिंग बदलल्यावर पुन्हा मोजलं: लोड ४२ सेकंद, अनलोड सात मिनिटं. म्हणजे गळती ९ टक्क्यांवर आली. वेगळं मीटर लावून आठ दिवस बघितलं, रोजचे २५ ते ३० युनिट कमी. मोजूनमापून, तुम्ही आधीच सावध केलंत ते बरं झालं, मालकांना मी तीसच सांगितले होते. आमच्या बिलात युनिट नऊ रुपयांच्या आसपास पडतं. महिन्याला सहा-सात हजार.

डब्यांना रंग दिले, सिस्टरांचं ऐकून. पांढरं सूत, रंगीत सूत, तेलाचं कापड, आणि चौथा सुताच्या रिकाम्या कोनांचा आणि पॉलिथिनचा. पहिल्या दिवशी डबे दाराशी ठेवले, कुणी वापरले नाहीत. दोन मागांच्या मध्ये आणले, तेव्हापासून भरतात. स्वच्छ पांढऱ्या सुताला भंगारवाल्याने भाव वाढवून दिला. तेलाचं कापड त्याला द्यायचं नसतं, ते घातक कचऱ्यात जातं, हे मला स्वतःलाच आत्ता नीट कळलं.

डाईंगचं अजून जमलेलं नाही. वजनाच्या खोलीतल्या पोराला शिकवायला सुरुवात केली, काटा पंख्यापासून हलवला. टाकीचं मालक "बघू" म्हणालेत. फळ्यावर उजनीचा आकडा मात्र रोज लिहितो, आणि आता मी विसरलो तर पहिल्या पाळीच्या बायका येऊन आठवण करतात.

बिलभरणारा
आकडे वाचले. येत्या रविवारी तुमच्या मामांना तासभर आमच्याकडे पाठवाल का? त्यांची हजेरी मी देतो. कॉम्प्रेसर माझा तीस एचपीचा आहे.

ताणाबाणा
विचारलं. येतो म्हणाले. आधी सांगून ठेवतो, ते साबणाचं पाणी स्वतःच कालवतात, दुसऱ्याचं चालत नाही.

रात्रपाळी
वाचून बरं वाटलं. एकच विचारतो. त्या अर्ध्या तासाचे पैसे पगाराच्या चिठ्ठीत वेगळे दिसतात का? नाहीतर वर्षभराने कुणाला आठवणार नाही ते कशाचे होते.

ताणाबाणा
आत्तापर्यंत इतर भत्त्यात धरले होते. तुमचं बरोबर आहे. या महिन्याच्या चिठ्ठीत "प्रशिक्षण" म्हणून वेगळी ओळ घालायला कारकुनांना आजच सांगतो.